सायकलला घरी मोटर बसवताना : तुमचे अनुभव सांगा

साध्या सायकलवर ज्यांनी स्वतः मोटर आणि बॅटरी चढवली आहे, त्यांनी इथे लिहावं. ‘मस्त पळते’ एवढ्यावर थांबू नका. मापं सांगा, काय तुटतं आणि का तुटतं ते सांगा.

सुरुवात करतो. मोटर हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरं काम चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क), ब्रेक आणि बॅटरीचं, म्हणून आधी पैसे तिथे लावा. ३६ व्होल्ट, २५० वॉटच्या आतली गिअरवाली हब मोटर (चाकाच्या मधोमध बसणारी) रोजच्या शहरी वापराला पुरते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २५० वॉटपेक्षा कमी शक्ती आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असलेल्या बॅटरीच्या सायकलला मोटार वाहन धरत नाहीत. मात्र ही सूट चाचणी संस्थेने तपासून मान्य केलेल्या मॉडेलला आहे, घरच्या जोडणीकडे तो कागद नसतो. निदान शक्ती आणि वेग तरी या मर्यादेत ठेवा. पेट्रोल इंजिनच्या किटला ही सूट नाहीच, त्या वाटेला जाऊ नका.

पान्हा_१८

पुढच्या चाकात हब मोटर घालणार असाल तर चिमटा लोखंडीच हवा. ॲल्युमिनियमचा किंवा सस्पेन्शनचा चिमटा खाचेपाशी तडकतो, तोही आधी काही न दाखवता. गणित सोपं आहे. मोटरचा आस १२ मिमीचा, दोन्ही बाजूंनी तासून १० मिमी केलेला. मोटरचा फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, ४० न्यूटन-मीटर धरला, तर १० मिमीच्या त्या खाचेच्या ओठांवर सुमारे ४०० किलोचा दाब येतो. १० सेंटिमीटर लांबीचा टॉर्क आर्म (आसाला फिरू न देणारी पट्टी) लावून तो चिमट्याच्या दांडीला बांधला की त्याच्या टोकाशी तोच दाब ४० किलोवर येतो. फॅब्रिकेटरकडून ५ मिमी जाडीच्या पट्टीत १० मिमीची घट्ट खाच पाडून घ्या. खाच सैल असेल तर आर्म असून नसल्यासारखा.

साध्या चिमट्याची खाच अरुंद असते, कानसून १० मिमी करावी लागते. दोन्ही बाजू सारख्या कानसा आणि खोली वाढवू नका, नाहीतर चाक तिरकं बसतं. वायर आसातून जिथे बाहेर येते ते तोंड खाली ठेवा. पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा आवळा, ५० किलोमीटरनंतर परत एकदा.

लेथवाला

हब मोटर नको असेल तर एमवाय१०१६झेड२ ही २४ व्होल्टची गिअरवाली मोटर आहे. तिच्या दांड्यावर ९ दात्यांची चकती असते आणि ती डाव्या बाजूने दुसऱ्या चेनने मागचं चाक फिरवते. इथे हमखास होणारी चूक म्हणजे नेहमीचं फ्रीव्हील (पायडल थांबलं तरी चाक फिरू देणारी दात्यांची चकती) डाव्या बाजूला लावणं. उलटं बसवल्याने ते पुढच्या दिशेला पकडच घेत नाही, शिवाय उजवे आटे डाव्या बाजूला जोर पडला की सुटतात. डिस्क ब्रेकचा हब घ्या आणि त्याच्या सहा बोल्टांवर चकती बसवा.

दाते ठरवायला वेगाचं गणित करा. २६ इंची चाकाचा घेर साधारण २.०७ मीटर. मोटरच्या पाटीवर ३०० आरपीएम असेल आणि मागे १६ दाते असतील, तर चाक मिनिटाला १६९ फेरे घेतं, म्हणजे ताशी २१ किलोमीटर. १८ दात्यांना साडेअठरा. चढ जास्त असेल तर १८ घ्या. चेन मध्यावर बोटाने दाबल्यावर १० ते १५ मिमी हलली पाहिजे. मोटरची पट्टी एकाच बोल्टवर अडकवली तर जोर पडताच ती वळते आणि चेन उतरते.

सेलमित्र

बॅटरीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आग इथेच लागते.

३६ व्होल्टसाठी दहा सेल सिरीजमध्ये. २६०० एमएएचचे चार-चार पॅरलल जोडले की ४० सेल, १०.४ अँपिअर-तास, सुमारे ३७५ वॉट-तास. किलोमीटरला १२ ते १५ वॉट-तास लागतात, म्हणजे २५ ते ३० किलोमीटर. पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट दिसायला हवेत. १८६५० (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) सेलवर ५०००, ९९०० असे आकडे छापलेले असतील तर सरळ परत करा, त्या आकारात एवढी क्षमता मावतच नाही. जुन्या लॅपटॉपचे सेल वापरायचे तर २ व्होल्टच्या खाली गेलेले टाकून द्या. उरलेले पूर्ण भरून आठवडाभर ठेवा, ज्यांचं व्होल्टेज ४.१ च्या खाली उतरलं तेही बाद. पॅरलल जोडण्याआधी सगळ्यांचं व्होल्टेज ०.०२ व्होल्टच्या आत सारखं असावं.

सेलवर थेट सोल्डरिंगचा डाग देऊ नका, उष्णतेने आतला पडदा खराब होतो. स्पॉट वेल्डिंगच करा. सेल जोडायची पट्टी शुद्ध निकेलची आहे का हे पाहायला ती कानसून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, गंज आला तर आत लोखंड आहे. चुंबकाने काही कळत नाही, तो दोन्हींना चिकटतो. ०.१५ मिमी जाड, ८ मिमी रुंद पट्टीवरून ५ अँपिअर बिनघोर जातात. कंट्रोलर (मोटरला जाणारा करंट सांभाळणारी पेटी) १५ अँपिअरचा असेल तर दोन गटांमध्ये किमान तीन पट्ट्या.

सेलच्या पॉझिटिव्ह टोकाभोवतीची कड निगेटिव्ह असते आणि मध्ये फक्त प्लास्टिकचं पातळ वेष्टण. प्रत्येक टोकावर इन्सुलेशन कागदाची चकती लावल्याशिवाय पट्टी ठेवू नका. बीएमएसचा (सेलवर नजर ठेवून बॅटरीला जपणारं सर्किट) कनेक्टर खोचण्याआधी त्याच्या अकरा वायर मल्टीमीटरने ओळीने तपासा, प्रत्येक दोन शेजारच्या वायरींत एका सेलचंच व्होल्टेज यायला हवं. एक वायर चुकली की बीएमएस तिथल्या तिथे जळतो. बॅटरीच्या अगदी जवळ २० अँपिअरचा फ्यूज हवाच. घरच्या एसी लाइनचा एमसीबी डीसीला चालत नाही.

चार्जिंग फरशीवर, समोर कोणी असताना करा. दाराशी किंवा जिन्यात कधीच नको, आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते.

हॉलसेन्सर

चाक उचलून मगच पहिला थ्रॉटल (वेग वाढवायची मूठ) द्या. मोटर थरथरली, घरघरली आणि गरम झाली तर तीन जाड वायरी किंवा हॉल सेन्सरच्या (मोटर कुठे फिरली ते कंट्रोलरला कळवणाऱ्या) वायरींचा क्रम चुकला आहे. लगेच थांबा, नाहीतर कंट्रोलरचे मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे भाग) जातात. बरोबर जुळली की मोकळ्या चाकाला एक-दोन अँपिअर पुरतात. ब्रेकच्या मुठीत मोटर बंद करणारा स्विच असलाच पाहिजे. थ्रॉटलची काळी वायर तुटली तर सिग्नल वर चढून मोटर पूर्ण वेगाने सुटू शकते, तेव्हा हाच स्विच वाचवतो.

कोकणपट्टी

पावसाळ्यासाठी: कंट्रोलरच्या वायरींचं तोंड खाली, आणि प्रत्येक वायरीला आत शिरण्याआधी खाली झोळ, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. पेटीच्या तळाला छोटं भोक ठेवा, पूर्ण बंद पेटीत वाफेचं पाणी साचतं. क्रोमच्या लोखंडी रिमवर ओल्यात ब्रेक फारच कमी लागतो. मोटर लावायची तर ॲल्युमिनियम रिम आणि व्ही-ब्रेक आधी बसवा.

घाटवाट

चढाचं गणित राहिलं. सायकल धरून १०० किलो वजन, ६ टक्के चढ, वेग १२ किलोमीटर: फक्त चढायला १९६ वॉट. मोटर निभावते. १० टक्क्यांना ३२७ वॉट लागतात, तिथे पायडल मारावंच लागतं. न मारता थ्रॉटल पिळत राहिलात तर वेग घटतो, मोटर तापते आणि आतले नायलॉनचे दाते झिजतात. हब हाताला चटका देत असेल तर पंधरा मिनिटं थांबा, त्यावर पाणी ओतू नका.