अरेबिका कॉफीला पांढरा खोडकिडा लागलाय, सेंद्रिय बागेत काय करावं?

मिरजेची_लेक
नमस्कार मंडळी. माहेर मिरज, सासर कर्नाटकातलं मुडिगेरे. सासऱ्यांच्या माघारी अरेबिकाची छोटी बाग आम्हा दोघांकडे आली. जात एस. ७९५, वर सिल्व्हर ओक, मधूनमधून फणस, ओकांवर मिरीचे वेल. गेल्या वर्षी रासायनिक खतं-औषधं थांबवली आणि सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी नोंदणी केली. आता चढाच्या अंगाला झाडं पिवळी पडतायत, पानं मान टाकतायत, खोडावर सालीखाली कडी फिरवल्यासारखे उंचवटे दिसतायत. शेजारी म्हणतात बोरर (खोड पोखरणारा किडा) आहे, औषध मारा, नाहीतर बाग जाईल. औषध मला मारायचं नाही. आमच्या विहिरीला याच उताराचं पाणी झिरपून येतं आणि पोरं तेच पितात. पण बागही जाऊ द्यायची नाही. खोडाला चुना लावलेला सेंद्रियमध्ये चालतो का? आणि ओकांच्या फांद्या उतरवून उजेड केला तर मिरीही वाढेल, कीडही हटेल, असं एकानं सांगितलंय. ते खरं का?

कुर्गकर
ब्रोका सापळे लावा. आमच्या रोबस्टा कॉफीत चांगला फरक पडला.

बाळेहोन्नूरकडचा
कुर्गकर, तुमचा बोरर वेगळा. ब्रोका सापळा फळ पोखरणाऱ्या बारीक भुंग्यासाठी असतो, जो भारतात पहिल्यांदा १९९० साली निलगिरीत गुडलूरकडे आढळला. ताईंच्या खोडात आहे तो पांढरा खोडकिडा. रोबस्टाला तो सहसा लागत नाही, अरेबिकाचा मात्र वैरी.

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तिथे चुकलं तर बाकी सगळं वाया जाईल. ओकांना हात लावू नका. खोडकिड्याचा भुंगा उन्हाचा भोक्ता आहे. ऊन पडून तापलेलं खोड बघून मादी सालीच्या भेगांत अंडी घालते. तुमची चढाकडची झाडंच का गेली? तिथे वर बघा, आभाळ दिसत असेल. तिथे पावसाच्या सुरुवातीला पांगाऱ्याचे खुंट लावा, भराभर वाढतात आणि पाला खतालाही होतो. उंच ओक आणि त्याखाली पांगारा, अशी दुहेरी सावली अरेबिकाला मानवते. सेंद्रिय बागेत सावली हेच पहिलं औषध, हे मी कुणालाही ठासून सांगेन.

आता लागलेली झाडं. अळी महिनोन् महिने लाकडात बोगदे करत बसते, तिथवर कुठलीच फवारणी पोचत नाही, सेंद्रिय नाही आणि रासायनिकही नाही. भुंगे बाहेर पडतात एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणून मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये एकेक खोड हातानं चाचपून बघायचं. उंचवटे लागले की झाड मुळासकट काढून जाळायचं. जीव तुटतो, सासऱ्यांच्या हातची झाडं आहेत, पण एक ठेवलं तर आसपासची दहा जातील. आणि ते लाकूड सरपण म्हणून रचून ठेवू नका, भुंगे ढिगातूनही बाहेर येतात.

उरलेल्या झाडांची खोडं नि जाड फांद्या नारळाच्या सोडणानं घासून सुटी साल काढा. कोयता वापरू नका, सालीला जखम होते. भेगाच राहिल्या नाहीत तर अंडी घालायला जागा मिळत नाही. मग चुना: २०० लिटर पाण्यात २० किलो, खोडावर, भुंगे उडायच्या आधी.

मिरजेची_लेक
दादा, मनापासून आभार. मिरीच्या लोभानं आम्ही गड्याला फांद्या उतरवायला सांगणारच होतो. चुन्यात चिकटपणासाठी गोंद घालतात म्हणे, त्यानं प्रमाणपत्राला धोका नाही ना?

बाळेहोन्नूरकडचा
चुना चालतो. अडचण गोंदाची आहे. बाजारातला कृत्रिम असतो, म्हणून वापरण्याआधी तुमच्या प्रमाणन संस्थेकडून लेखी होकार घ्या, तोंडी नको. कॉफी बहुवर्षायू असल्यामुळे रूपांतराचा, म्हणजे रासायनिकातून सेंद्रियात जाण्याचा, काळ तीन वर्षांचा. गोंदाच्या एका डब्यामुळे ही मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला नको. नकार आला तर नुसता चुना मारा आणि पावसानं धुतला की परत मारा. मजुरी वाढेल, पण चालेल.

कुर्गकर
माझी चूक दाखवलीत ते बरं केलंत. फेरोमोन सापळे (गंधानं भुंगे ओढणारे) या खोडकिड्यासाठी चालतात का?

बाळेहोन्नूरकडचा
चालतात. हेक्टरी २५ लावायची शिफारस आहे. पण रोगट झाडं उभी ठेवून नुसते सापळे लावले तर उपयोग नाही. ताई, तुम्ही मार्चची पाहणी आधी करा. काढलेल्या झाडांच्या जागा चुन्याच्या खुणेनं मांडून ठेवा, म्हणजे जूनमध्ये पांगारा नेमका कुठे लावायचा ते कळेल.