सातवा महिना संपत आलेल्या वहिनीला 'ईआर'चा १९वा भाग दाखवू की गाळू?

ओसरीवरची:
(शेवट फोडणार आहे. ज्यांना बघायचंय त्यांनी इथूनच परत फिरा.)

दादा कामासाठी तीन महिने बाहेरगावी, म्हणून मी ठाण्याला वहिनीसोबत राहतेय. जेवणं आटपली की दोघी 'ईआर' बघतो, अगदी पहिल्या भागापासून. तीच ती १९९४ची अमेरिकन मालिका, शिकागोच्या हॉस्पिटलातली, जॉर्ज क्लूनी मान खाली घालून डोळे वर करून बघतो ती. १५ सीझन, ३३१ भाग. बाळ बालवाडीत जाईपर्यंत पुरेल. अठरा झाले. उद्या 'लव्ह्ज लेबर लॉस्ट', आणि माझी झोप उडालीय.

मी तो कॉलेजात असताना पाहिला होता. दिवस भरत आलेली जोडी नावाची बाई लघवीच्या तक्रारीसाठी येते. मालिकेतला मुख्य डॉक्टर, डॉ. ग्रीन, इन्फेक्शन समजून औषध देतो, घरी पाठवतो. थोड्याच वेळात तिला झटके येतात. एक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणी बीपी वाढून येणारे झटके. प्रसूतीच्या डॉक्टरीण बाई वेळेवर खाली येत नाहीत, ग्रीन बाळंतपण स्वतःच करायला घेतो आणि तिथून घसरगुंडी सुरू. बाळ वाचतं, आई जाते.

एपिसोड म्हणून जबरदस्तच. त्या खोलीतून आपल्याला बाहेरच पडता येत नाही. लेखक लान्स जेंटाइल स्वतः डॉक्टर. त्याला आणि दिग्दर्शिका मिमी लेडरला एमी मिळालं, ते योग्यच. पण मला तेव्हाही एक खटकलं होतं. मरते जोडी, आणि शेवट कुणावर? ट्रेनमध्ये रडणाऱ्या ग्रीनवर. जोडी काय काम करायची, कशाला हसायची, काही म्हणता काही आठवत नाही. नवऱ्याच्या भूमिकेत ब्रॅडली व्हिटफर्ड होता हे मात्र पाठ आहे.

तर काय करू? गुपचूप विसावा भाग लावू?

चुलत_मावशी:
गाळ. आमच्या आजीच्या काळी पोटुशीला ग्रहणसुद्धा बघू देत नसत, आणि तू हे दाखवणार?

पावशेर:
मावशी, ग्रहणाचं राहू द्या, पण गाळण्याला माझंही +१. फक्त एक लक्षात घे, १९वा गाळून प्रश्न मिटत नाही. ग्रीनच्या मागे ती केस पुढेही लागून राहते, दुसऱ्या सीझनमध्ये कोर्टाचं लचांडही येतं. वहिनी विचारणारच, 'हा असा का वागतोय?' तेव्हा थाप काय मारणार ते आत्ताच ठरव. सध्या सरळ दुसऱ्या सीझनचा सातवा भाग लावा. क्लूनी पुराच्या पाण्यात नाल्यात अडकलेल्या पोराला बाहेर काढतो तो. धाकधूक तेवढीच, पण पोरगं वाचतं.

निवांत_नागपूरकर:
ईआर सोडा, 'कॉल द मिडवाईफ' बघा. १९५०च्या दशकातलं लंडन, सायकलवरून फिरणाऱ्या सुईणी, मस्त चहा-बिस्किटं.

पावशेर:
अहो, त्यात दर भागात बाळंतपण आहे! आणि सगळीच सुखरूप होत नाहीत.

निवांत_नागपूरकर:
बरं बाबा. मग बेकिंगचं काहीतरी बघा.

पांढरा_डबा:
लेबर रूममध्ये सिस्टर म्हणून बावीस वर्षं झाली, म्हणून थोडं लांबण लावते.

आधी भागाबद्दल. झटके खरे, धावपळ खरी, 'आता येतील मॅडम' म्हणत दाराकडे बघणं तर अगदीच खरं. बाळाचा खांदा अडकल्यावर डोकं परत आत ढकलतात, तो शेवटचा उपाय आहे. मी एवढ्या वर्षांत एकदाही पाहिलेला नाही. वहिनीच्या डोक्यात नेमकं तेच बसेल, आणि ते बसायला नको.

बसायला हवं ते वेगळं. बीपी १४०/९०च्या वर, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली दुखणं, तोंडावर-हातांवर एकदम आलेली सूज. यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. पायांना थोडी सूज बहुतेकींना असते, त्याने घाबरू नका. आणि वेळेवर धरलं तर हे दुखणं हाताबाहेर जाण्याआधी आवरता येतं. आम्ही झटके रोखायला मॅगसल्फची (मॅग्नेशियम सल्फेट) इंजेक्शनं देतो. पुढचा डोस देण्याआधी दर वेळी गुडघा ठोकून पाय उडतो का बघायचं, श्वास मोजायचे, लघवी किती झाली ते बघायचं. हातोडी सापडली नाही तर तळहाताच्या कडेने ठोकते. पाय उडाला की मलाच हायसं वाटतं. हे टीव्हीवर कोण दाखवणार? कंटाळवाणं आहे.

ओसरी, ग्रीनबद्दल तुझं अर्धंच पटलं. जोडीला नीट माणूस म्हणून उभी केली नाही, मान्य. पण त्या रडण्यावर राग धरू नकोस. आमच्याकडे एक बाई गेली, त्या दिवशी ड्युटी संपवून मी लोकल पकडली. शेजारची मेथी निवडत होती. माझ्याकडे एकदा बघितलं, काही विचारलं नाही, अर्धी जुडी माझ्या मांडीवर ठेवली. मुलुंडपर्यंत निवडली मी. कॅमेरा असता तर मीही ग्रीनच दिसले असते.

आता सल्ला. लपवू नकोस. काय आहे ते दिवसाउजेडी सांग आणि तिला ठरवू दे. रात्री अकराला अजिबात नको.

चुलत_मावशी:
सिस्टर, मेथीचं वाचून गलबलले. पण मी गाळण्यावर ठाम.

ओसरीवरची:
सांगितलं. आज दुपारी, ती डाळिंब सोलत होती तेव्हा. मी 'एक भाग जरा...' म्हणून अडखळले तर म्हणाली, 'आई मरते ना त्यात? मी नेटवर वाचलंय, तूच कशी सांगत नाहीस ते बघत होते.' चार दिवस मी उगाच झुरले! सिस्टरनी लिहिलेली लक्षणं वाचून दाखवली, तर फाइल काढून मागच्या तपासणीचं बीपी दाखवलं, ११०/७०. भाग बाळंतपणानंतर, दादा आला की तिघांनी बघायचा असं ठरलंय.

डाळिंब संपल्यावर मात्र विचारलं, 'त्या नवऱ्याने बाळ घरी नेलं ना गं?' शेवटी तो बाळाला घेऊन बसलेला असतो एवढं मला आठवत होतं, तेवढं सांगितलं. पावशेर, आज रात्री तुमचा नालेवाला.