अनुभव धागा : येणार कधी, हे सांगणार कोण?

धागाकर्ता, पारोळा तालुका

काल घंटागाडीच्या भोंग्यावरून उद्या पाणी येणार नसल्याची सूचना ऐकली आणि लहानपणची कोतवालाची दवंडी आठवली. तेव्हा गावात नळ नव्हते आणि फोनही नव्हते. पण तलाठी चावडीवर कधी बसणार, गुरांना लस टोचणारे डॉक्टर कधी येणार, हे कोतवाल हलगी वाजवत गल्लोगल्ली सांगून जात असे आणि माणसे त्या बेताने आपली कामे लावून घेत.

आज आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते. खानदेशातला उन्हाळा आणि पावसाची ओढ पाहता रोज पाणी मिळावे, असा माझा आग्रह नाही. परंतु ते पहाटे येणार की मध्यरात्री, हे कोणीच सांगत नसल्यामुळे त्या दिवशी घरातल्या एका माणसाला उंबरा ओलांडता येत नाही, आणि ते माणूस बहुतेक घरांत बाईच असते. पाणी पोहोचण्याआधी तोटीतून हवा सुसाटत बाहेर पडते. आमच्या वहिनींना त्या आवाजाने गाढ झोपेतून जाग येण्याची सवय झाली आहे. पाणी कमी आहे, हे मी समजू शकतो. वेळ न सांगणे मला समजत नाही. नळ, वीज, यंत्र, गाडी, ज्याचा जो अनुभव असेल तो येथे मांडावा.

यावल

विजेचे सांगतो. शेतीची थ्री फेज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. वेळापत्रक आहे, पण मध्येच फेज गेला तर तो पाच मिनिटांत येणार की सकाळी, हे विचारायला फोन लावला तर कोणी उचलत नाही. केळीला ठिबकमधून खत सोडताना व्हेंचुरी, म्हणजे पाण्यात खत ओढून घेणारी नळी, अर्ध्यावर असते आणि मोटर बंद पडते. खताचे पाणी नळ्यांतच थांबते, ओळीच्या सुरुवातीच्या झाडांना जास्त आणि शेवटच्या झाडांना काहीच मिळत नाही, आणि असे वरचेवर झाले की ड्रिपर चोंदतात. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. तीच केळी जगवण्यासाठी माणूस मे महिन्यात बॅटरी घेऊन रात्रभर बांधावर बसतो, हेही लोकांना माहीत असावे. डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली तर वर्गणी काढून ट्रॅक्टर पाठवल्याखेरीज ती हलत नाही.

अमळनेर

दादा, तुमची वीज निदान येते तरी. माझ्या सासूबाईंचा अंगठाच येत नाही. कापूस वेचून बोटांची कातडी चिरलेली, रेषा पुसलेल्या. रेशन दुकानातल्या यंत्रावर त्या अंगठा पदराला पुसून ठेवतात, मग केसांच्या तेलावरून फिरवून पुन्हा ठेवतात, आणि शेवटी रांगेतून बाजूला होऊन म्हणतात, “भाऊ, मना अंगठा उमटस नही.” दुकानदार त्यांना कित्येक वर्षे नावाने ओळखतो, पण यंत्र ओळखत नाही. उद्या या, एवढेच उत्तर मिळते. उद्या यंत्र चालेल का, याची खात्री कोणी देत नाही, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

धडगाव

आमच्याकडे प्रश्न त्याच्याही आधीचा आहे, कारण येथे रेंजच नसते. राज्यभर २०२१ मध्ये ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढून नोंद करावी, ही कल्पना मला मनापासून आवडली होती. परंतु सातपुड्यातल्या पाड्यांवर फोन चालतो तो एखाद्या ठरावीक टेकडीवर. फोटो शेतात काढायचा, मग चढण चढून वर जायचे, तेथे गोल फिरणारे चक्र पाहत उभे राहायचे, आणि मुदत संपत आली की सर्वांची झुंबड उडाल्याने तेही थांबते. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांची नोंद दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहते.

चाळीसगाव

कॉलेजला जाण्यासाठी आम्ही मुली फाट्यावर उभ्या असतो. गाडी रद्द झाली आहे, हे आगारात सकाळीच ठरलेले असते. आम्हाला ते शेजारच्या गावातून मोटरसायकलवर येणाऱ्या एखाद्या काकांकडून कळते. तोपर्यंत पहिला तास होऊन गेलेला असतो. घरचे म्हणतात, रोजचीच ही कटकट असेल तर शिकायचे कशाला. मला या वाक्याची फार भीती वाटते.

धुळे, निवृत्त शिक्षक

चाळीसगावच्या मुलीने शिक्षण सोडू नये. गावातल्या दहा-बारा मुलींनी मिळून सरपंचांच्या सहीने आगारप्रमुखांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. तोंडी तक्रारीचा कागद होत नाही, म्हणून तिचा पाठपुरावाही होत नाही.

अमळनेरच्या ताई, आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्याने नोंदवता येतात. ते आधी करून घ्यावे. बुबुळ तपासणारे यंत्र किंवा फोनवर येणारा ओटीपी, असे दुसरे मार्ग आहेत का, हेही दुकानदाराला विचारावे. माझाही अंगठा खडूने आणि वयाने झिजला आहे. पेन्शनसाठी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०२१ पासून केंद्र सरकारच्या जीवन प्रमाण सुविधेत चेहरा दाखवूनही तो देता येतो, त्यामुळे माझी नात घरबसल्या फोनवर तो काढून देते.

अमळनेर

गुरुजी, आभारी आहे. आधार केंद्रावर किती वाजता जावे, म्हणजे नंबर लागेल, हे कोणास माहीत असल्यास कृपया कळवावे. सासूबाईंना उन्हात फार वेळ उभे राहवत नाही.

यावल

ताई, आमच्याकडे सकाळी लवकर टोकन देतात आणि ठरावीक टोकन संपले की परत पाठवतात. आपल्या केंद्रावर आदल्या दिवशी कोणाला तरी पाठवून विचारून घ्या, मगच आईंना न्या.