मदत हवी आहे: रजेत आलेला रविवारही रजेतच धरतात का?

नमस्कार मंडळी. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी १४ ते १८ ऑगस्ट २०२५ पीएल (हक्काची पगारी रजा) टाकली. १५ ऑगस्ट आणि मधला रविवार सोडला तर रजा तीनच दिवसांची. पगाराच्या स्लिपवर मात्र पाच कापल्यात! एचआर म्हणतं, ‘सँडविच रूल’ आहे, म्हणजे रजेच्या मधे आलेली सुट्टीही रजेतच धरायची.

मी कारखान्यात मशीनवर आहे. तेव्हा, ऑगस्ट २०२५ मध्ये, लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ चं कलम ७९ वाचलं, तर मधल्या किंवा टोकाच्या सुट्ट्या रजेत धरायच्या नाहीत असं स्पष्ट होतं. वीस दिवस राबल्यावर एक रजा मिळते हो, दोन गेल्या म्हणजे चाळीस दिवसांची कमाई गेली. आईचा दुसरा डोळा दिवाळीनंतर करायचाय.

कुणी लेखी अर्ज करून अशा रजा परत मिळवल्यात का? अर्जात काय लिहिलंत, कृपया सांगा.