चिमणीचा पाइप डक्टमध्ये नकोच

सोसायटी बाहेरची भिंत फोडू देत नाही, म्हणून स्वयंपाकघरातल्या चिमणीचा (धूर ओढणाऱ्या यंत्राचा) पाइप बाथरूमच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत, सोडू का, असं एकाने विचारलंय. माझं मत, नको. डक्टमध्ये तेलकट वाफ साचते, शेजाऱ्यांच्या खिडक्यांतून आत शिरते, आणि मग भांडणं. स्वयंपाकघराच्या खिडकीची वरची काच काढून तिथे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बसवा, त्याला भोक पाडून पाइप बाहेर काढा. तोंडाला झडपेचं झाकण हवंच, नाहीतर कबुतरं संसार थाटतात.

आमच्याकडे भिंतीत जुनं ४ इंची भोक होतं. फिटरने ६ इंची पाइप रिड्यूसर (मोठा पाइप लहान भोकाला जोडणारा तुकडा) लावून त्यात कोंबला. परिणाम: विमानासारखा आवाज आणि धूर घरातच! पाइप शेवटपर्यंत ६ इंचीच ठेवा, वळणं कमीत कमी. शेगडीपासून चिमणीची उंची २६ ते ३० इंच.

घरात गॅस गीझर असेल तर मात्र जास्त जपा. चिमणी तासाला शेकडो घनमीटर हवा बाहेर ओढते. खिडक्या बंद असल्या तर तिची जागा घ्यायला बाहेरची हवा गीझरच्या धुराड्यातून उलटी आत येऊ शकते, सोबत कार्बन मोनॉक्साइड घेऊन. त्याला वास नसतो. त्यामुळे चिमणी चालू असताना एक खिडकी उघडी, आणि गीझर बंद.