फेलोशिपनंतर ल्युकेमियावर दोन वर्षं संशोधन: विषय कसा निवडावा?

प्रश्न
बालकर्करोगाच्या फेलोशिपचा क्लिनिकल भाग संपत आलाय. पुढची दोन वर्षं संशोधनाला आहेत, रस ल्युकेमियात (रक्ताच्या कर्करोगात), लॅबचा अनुभव जेमतेम. विषय पक्का करण्याआधी काय तपासावं? आणि वॉर्ड सांभाळून लॅब कशी जमवायची?

उत्तर १
सगळ्यात आधी आकडेमोड. समजा, पाच वर्षांचं इव्हेंट-फ्री सर्व्हायव्हल (आजार न उलटता जगलेल्यांचं प्रमाण; आजार उलटणं किंवा मृत्यू म्हणजे ‘इव्हेंट’) 70 वरून 80 टक्क्यांवर जातं का, हे यादृच्छिक चाचणीत बघायचंय. पॉवर (खरा फरक पकडण्याची शक्यता) 80 टक्के आणि दुबाजू अल्फा (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) 5 टक्के धरला, तर दोन्ही गट मिळून सुमारे 143 इव्हेंट लागतात, म्हणजे सरासरी चारातल्या एकाला इव्हेंट धरून साधारण 570 मुलं. एका केंद्राला हे झेपत नाही; चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपसारखे, अनेक रुग्णालयं एकत्र आणणारे बहुकेंद्री गट लागतात ते त्यामुळेच.

जुन्या फायलींवर काम करणार असाल तर रुग्ण किती हे नंतर, आधी रिलॅप्स (आजार उलटणं) आणि मृत्यू मोजा. ढोबळ नियम असा, की सांख्यिकी मॉडेलमधल्या प्रत्येक घटकामागे (वय, पेशींची संख्या वगैरे) दहा इव्हेंट हवेत. 30 इव्हेंटवर आठ घटक घातले तर दाखवण्याजोगी पी-व्हॅल्यू (निकाल निव्वळ योगायोग नसावा असं सुचवणारा आकडा) येईल, पण पुढच्या केंद्रात ते मॉडेल तोंडावर आपटेल.

बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्यांची न झालेल्यांशी तुलना निदानाच्या तारखेपासून करू नका. ट्रान्सप्लांटपर्यंत मूल जगलेलं असतंच, त्यामुळे तो गट आपोआप चांगला दिसतो. लँडमार्क पद्धत (ठरावीक दिवसापर्यंत जगलेल्यांचीच, त्या दिवसापासून तुलना) वापरा किंवा ट्रान्सप्लांट काळानुसार बदलणारा घटक म्हणून घाला. स्टॅटिस्टिशियनकडे प्रोटोकॉल लिहितानाच जा. डेटा गोळा झाल्यावर गेलात तर तो फक्त पोस्टमॉर्टेम करू शकतो.

उत्तर २
वरच्याशी सहमत, पण ल्युकेमियात घोडं अडतं ते नमुन्यांवर. बोन मॅरोचा पहिला ओढा (सिरिंजने ओढलेला नमुना) एमआरडीसाठी, म्हणजे उपचारानंतर उरलेल्या मोजक्या कर्करोग पेशी शोधण्यासाठी जातो आणि तो जायलाच हवा. संशोधनाच्या वाट्याला तिसरा-चौथा ओढा येतो, त्यात रक्त मिसळलेलं असतं आणि ब्लास्टचं (ल्युकेमियाच्या अपरिपक्व पेशींचं) प्रमाण घसरतं. 0.01 टक्के, म्हणजे दहा हजारांत एक पेशी शोधायची असेल, तर हा फरक निकाल बदलतो. कितवा ओढा ते लेबलवर लिहायची सवय लावून घ्या.

पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणारी चाचणी) करायचा असेल तर रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएची ट्यूब. त्याच कामाचं हेपॅरिन पीसीआर अडवतं. जिवंत पेशी साठवताना 10 टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना वाचवणारं रसायन), मिनिटाला 1 अंशाने थंड करत उणे 80, मग लवकरात लवकर द्रव नायट्रोजनच्या वाफेत. उणे 80 मध्येच महिनोन्‌महिने राहिलेल्या व्हायल (नमुन्याच्या छोट्या कुप्या) वितळवल्या की निम्म्याहून जास्त पेशी मेलेल्या निघाल्या तर नवल नाही.

सेल लाइन (लॅबमध्ये सतत वाढवलेल्या पेशी) कुणाकडूनही आली तरी आधी एसटीआर तपासणी (पेशींची डीएनए ओळख), आणि मायकोप्लाझ्मा या कल्चर दूषित करणाऱ्या जिवाणूची चाचणी दर महिन्याला. हे टाळून केलेलं वर्षभराचं काम कचऱ्यात जाऊ शकतं.

उत्तर ३
वेळेबद्दल. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या के-08 या डॉक्टर-संशोधकांसाठीच्या अनुदानात किमान 75 टक्के वेळ संशोधनाला देण्याची अट असते. अशी अट नसेल तर विभागप्रमुखांकडून टक्केवारी लेखी घ्या; तोंडी आश्वासन पहिल्याच रजेच्या मोसमात विरतं. वॉर्ड ड्युटी विखरून घेऊ नका, सलग आठवड्यांत घ्या आणि त्या काळात कल्चर (वाढवत असलेल्या पेशी) गोठवून ठेवा. मार्गदर्शक दोन हवेत: एक प्रयोगाचा, एक रुग्णांच्या बाजूचा. केवळ उंदरांतल्या झेनोग्राफ्टवर (रुग्णाच्या पेशी उंदरात रुजवण्यावर) विसंबू नका. सगळेच नमुने रुजत नाहीत, रुजायला महिने लागतात, आणि दोन वर्षं तेवढ्यात सरतात. सोबत साठवलेल्या नमुन्यांवरचं एखादं खात्रीचं काम ठेवा.

प्रश्नकर्ता
आभार. आमच्या नमुन्यांच्या बँकेतले जुने नमुने बहुतेक हेपॅरिनमधले आहेत. ते बाद?

उत्तर २
बाद नाहीत. फ्लो सायटोमेट्रीला (लेझरने पेशी ओळखून मोजण्याला) हेपॅरिन चालतं. फिकॉल या दाट द्रवावर पेशी वेगळ्या करून धुतल्या असतील तर बरंचसं हेपॅरिन निघून गेलेलं असतं. उरलं तर डीएनएवर हेपॅरिनेज (हेपॅरिन तोडणारं एन्झाइम) वापरता येतं. आधी वेगवेगळ्या वर्षांच्या पाच-सहा व्हायल घ्या. 37 अंशांवर झटपट वितळवा, माध्यम मात्र थेंबथेंब घाला, गुठळ्या झाल्या तर डीएनेज (मेलेल्या पेशींतून सांडलेला डीएनए तोडणारं एन्झाइम). जिवंत पेशींची टक्केवारी मोजा आणि त्यावरच विषय ठरवा. शिवाय त्या वेळच्या संमतिपत्रात पुढच्या संशोधनाला परवानगी आहे का आणि आता सज्ञान झालेल्यांची नव्याने संमती लागते का, हे एथिक्स कमिटीला व्हायल उघडण्यापूर्वी विचारा.