मदत हवी आहे : आम्हा दोघांच्या स्वभावाला शोभेल अशी सजावट कशी ठरवायची?

नमस्कार. अकरा वर्षं भाड्याच्या घरांत काढल्यावर तीन महिन्यांपूर्वी आम्ही स्वतःच्या घरात राहायला आलो. इतकी वर्षं भिंतीत खिळा ठोकायचा तरी विचारावं लागायचं. आता काहीही करायची मुभा आहे आणि आपल्याला नेमकं काय हवंय तेच मला सांगता येत नाहीये.

मी गेली दोन वर्षं घरांचे फोटो साठवत होते. जवळजवळ सगळे पांढऱ्या भिंतींचे, फिकट लाकडाचे, मोकळे. म्हणून हॉल तसाच केला. पांढरा रंग, पांढरे पडदे, बुटकं टेबल, बाकी काही नाही. आईचं जुनं शिलाई मशीन आतल्या खोलीत गेलं, नवऱ्याची पुस्तकं आणि कॅसेट खोक्यांतच राहिल्या. फोटो फार सुरेख आले. पण आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की मी त्या खोलीत बसतच नाही. चहा घेऊन स्वयंपाकघरात उभी राहते. हॉल पश्चिमेला आहे. दुपारनंतर ऊन थेट आत येतं आणि त्या पांढऱ्या भिंतींकडे बघवत नाही.

मग ही शैली आली कुठून ते वाचलं. उत्तर युरोपात हिवाळ्यात दिवस अगदी लहान असतो, म्हणून मिळेल तेवढा उजेड परतवायला भिंती पांढऱ्या आणि लाकूड फिकट. सोबत लोकर, जाड पांघरुणं, ठिकठिकाणी छोटे दिवे. मी त्यातला फक्त पांढरा रंग उचलला होता. तोही जिथे उजेड आधीच जास्त आहे तिथे.

दुसरी अडचण आमच्या दोघांची. मी दिवसभर शिकवते. घरी आल्यावर डोळ्यांना आणि कानांना शांतता हवी असते. नवरा घरून काम करतो. त्याला वस्तू आजूबाजूला दिसत असल्या की बरं वाटतं. प्रत्येक वस्तू कुठून आणली हे तो सांगू शकतो. हे नुसतं आवडीनिवडीचं नाही, आम्ही माणसंच अशी आहोत, आणि त्याची खोकी बंद राहिलेली बघून मला वाईट वाटतं.

आणखी एक. एका भिंतीला गडद हिरवा देऊन पाहिला. शेडकार्डवर जीव जडला होता, रात्री भिंतीवर मात्र तो मेल्यासारखा करडा दिसला. पुसून टाकणार होते. मग समजलं की दिवा ६५०० केल्व्हिनचा, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाचा आहे. २७०० चा पिवळसर उजेडाचा बल्ब लावला आणि रंग जागा झाला. तेव्हापासून स्वतःच्या नावडीवरही विश्वास बसत नाही. रंग आवडला नव्हता की उजेड?

‘तुमची शैली ओळखा’ छापाच्या प्रश्नावल्या दोनदा भरल्या, दोनदा वेगळी उत्तरं आली. बघायला आवडतं ते आणि राहायला मानवतं ते, यातला फरक तुम्ही कसा ओळखलात? आणि दोन उलट स्वभावांची माणसं एका खोलीत कशी बसवायची?

प्रतिसाद

मी अंतर्गत सजावटीचं काम करते. शैलीचं नाव काही दिवस बाजूला ठेवा. आठवडाभर फक्त टिपून ठेवा : कोण कुठे बसलं, किती वाजता, तिथून समोर काय दिसत होतं, हाताशी काय लागलं. तुम्ही चहा घेऊन स्वयंपाकघरात उभ्या राहता, याच्याइतकी उपयोगी माहिती कुठल्याही प्रश्नावलीतून निघणार नाही. तिथे काय आहे जे हॉलमध्ये नाही?

साठवलेले फोटो पुन्हा बघा, पण वस्तू बघू नका. उजेड कुठून येतोय, भिंतीचा किती भाग रिकामा आहे, किती प्रकारचे पोत आहेत, हे बघा. बऱ्याचदा माणसाला फोटोतला सोफा आवडलेला नसतो, सकाळचा तिरपा उजेड आवडलेला असतो.

तुमच्या घरातला प्रश्न तसा जुना आहे. १९१९ मध्ये जर्मनीतल्या वायमारला बाउहाउस ही कला आणि डिझाइनची शाळा सुरू झाली आणि तिथून नेटक्या, बिनसजावटीच्या, कारखान्यात बनू शकतील अशा वस्तूंचा विचार जगभर गेला. १९८१ मध्ये इटलीत मिलानला मेम्फिस नावाच्या डिझायनरांच्या गटाने भडक रंगांचं, नक्षीदार लॅमिनेटचं फर्निचर मांडलं, ते त्याच संयमाला दिलेलं उत्तर होतं. दोन्ही बाजूंची माणसं खरी होती. तुम्हा दोघांपैकी कुणी चुकीचं नाही.

उपाय मात्र साधा असू शकतो. तुम्ही बसता तेव्हा जी भिंत समोर येते ती रिकामी ठेवा आणि यजमानांची उघडी शेल्फं तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर घ्या. त्यांचं टेबल त्या शेल्फांकडे तोंड करून. खोली एकच, पण दोघांना दिसणारं दृश्य वेगळं.

उन्हासाठी रंगाच्या माहितीपत्रकात एलआरव्हीचा, म्हणजे रंग किती उजेड परतवतो त्याचा आकडा बघा. शून्य ते शंभर असतो, जितका मोठा तितका उजेड परत फेकला जातो. पांढरे रंग बहुतेक ८० च्या वर. पश्चिमेच्या भिंतींना ५०-६० मधला, तोही मॅट घेऊन पाहा. आणि थेट भिंतीवर नको. दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात मारून तो पुठ्ठा सकाळी, दुपारी, रात्री वेगवेगळ्या भिंतींना टेकवून बघा.

प्रतिसाद

वरच्या सगळ्याशी सहमत, फक्त शेल्फं पाठीमागे टाकण्याशी नाही. आमच्याकडे तसंच केलं होतं आणि मला माझ्या वस्तू लपवल्यासारखं वाटायचं. आता समोरच एक रुंद फळी आहे. त्यावर पाच-सहा वस्तू, दर महिन्याला मी बदलतो, बाकीच्या कपाटात. बायकोला गर्दी होत नाही आणि ती स्वतःहून विचारते की या वेळी काय निघालं. तुमच्या यजमानांना विचारा, त्यांना सगळं दिसायला हवंय की सगळं सुरक्षित हवंय. माझ्या बाबतीत दुसरं होतं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. नवऱ्याला विचारलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, पुस्तकं दिसायलाच हवीत, कॅसेट कपाटात चालतील. मला हे अकरा वर्षांत माहीत नव्हतं.

स्वयंपाकघराचंही कळलं. तिथे खिडकीला टेकून उभं राहता येतं, पाठीला आधार असतो. हॉलमध्ये सोफा खोलीच्या मधोमध होता. काल तो भिंतीला लावला, पुस्तकं पाठीमागे रचली, आणि शिलाई मशीन बाहेर काढून खिडकीखाली ठेवलं. संध्याकाळी तासभर बसले.

पुठ्ठे रंगवते आहे. आता एकच विचारायचंय. मशीनच्या लाकडाचं पॉलिश जुनं आहे आणि तिथे रोज दुपारी ऊन पडतं. पातळ पडदा पुरेल की जागाच बदलू?